आप्पांनी न पाहिलेला समुद्र

मानवतच्या मोंढ्याजवळ विरूपाक्ष आप्पांचं किराणा दुकान होतं आणि त्या दुकानात साखरेपेक्षा आप्पांच्या बोलण्याचाच खप जास्त होता. माल आणायला हैदराबादला गेले की येताना ते सगळं शहर तोंडात भरून आणत. पावशेर गुळाला आलेलं गिऱ्हाईक तासाभरानं बाहेर पडायचं, ते चारमिनारावर चढून उतरल्यासारखं दमून. आता आप्पा ही गोष्टही सांगतात आणि सांगताना स्वतःला अजिबात सोडत नाहीत. आपली फजिती आपणच सांगून टाकावी, म्हणजे गावाला सांगायला काही उरत नाही, असं त्यांचं धोरण आहे.

पण एक थाप अशी होती, की ती त्यांनी एकदाच, एकाच माणसापुढं मारली होती आणि पुढं बावीस वर्षं ती त्यांच्या मानगुटीवर बसून होती.

लग्नाचं नवं साल होतं. शांतम्मा सतरा वर्षांची, बिदरकडची. माहेर इतकं लांब पडलं, की पोरगी दिवसभर भिंतीला टेकून बसे आणि बोललं तर मान हलवी. आप्पा विशीतले. बायको हसत नाही म्हणजे आपल्यात काही खोट आहे, असं त्यांना वाटू लागलं. तेव्हा एका दुपारी जेवता जेवता ते म्हणाले, "म्या समुद्र बघितलाय." उचलली जीभ, लावली टाळ्याला. शांतम्मानं पहिल्यांदाच मान वर केली आणि विचारलं, "कसा असतो?"

मग आप्पांना आवरणार कोण! पाणी निळंशार, पलीकडचा काठ दिसत नाही. बोटी ह्या अशा, देवळाएवढ्या. दिवस उगवायला बायका ओळीनं येतात, घागरी भरतात, डोईवर घेऊन गाणी म्हणत जातात. आणि पाणी असं गार, असं गोड, की ओंजळभर प्यालं तर दुपारपर्यंत तहान नाही. शांतम्मा ऐकता ऐकता पदराआड खुदकन हसली. म्हणाली, "मला दाखवाल?"

"पुढच्या वर्षी," आप्पा म्हणाले.

आप्पांनी तोवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यात मोंढ्यात तुंबलेलं. समुद्राची दिशासुद्धा त्यांना नक्की ठाऊक नव्हती. आणि घोडं तिथंच अडलं. बायकोला समुद्रावर न्यावं आणि तिथं गेल्यावर आपलीच तोंड वासून उभं राहायची पाळी यावी, म्हणजे गेली की सगळी अब्रू! म्हणून दरसाल नवं कारण निघे. कधी सरकीचा हंगाम, कधी पोरींच्या परीक्षा, कधी दुकानात उंदीर. एका साली नामांतरावरून गावोगाव घरं जळाली, एसट्या बंद पडल्या. सगळ्या कारणांत तेवढं एकच खरं होतं आणि ते खरं नसतं तर बरं झालं असतं, असं आप्पांनाही वाटलं होतं.

शहाऐंशी सालच्या श्रावणात दोन्ही पोरी आपापल्या सासरी होत्या. घर शांत झालं होतं. शांतम्मानं जेवण वाढलं आणि समोर बसून सांगितलं, "समुद्र राहू द्या आता. मला गंगा दाखवा. आपला नागनाथ म्हणतोय, मावशी, या एकदा, पाळण्यात बसवतो." नागनाथ हा तिच्या बहिणीचा मुलगा. पाथरीच्या पुढं गोदावरीच्या, म्हणजे तिकडच्या गंगेच्या, काठी पाणी मोजायचं एक ठाणं होतं, तिथं तो नोकरीला होता. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत जाड तार ताणलेली आणि तारेला लोखंडी पाळणा लोंबता. पूर आला की त्या पाळण्यात बसून मधल्या धारेचं पाणी मोजायचं.

"बघू की, पुढच्या..." आप्पांनी सुरुवात केली.

"बघा. ह्या बारीला न्हाई जमलं तर ऱ्हाऊ द्या. मी पुन्हा काई मागणार न्हाई."

ती रागावली असती तर आप्पांनी चार गोष्टी सांगून वेळ मारून नेली असती. पण तिनं हे भाकरी वाढावी इतक्या साधेपणानं सांगितलं होतं. ही बाई खरंच मागायची थांबली तर आपण रोज घरी येऊन सांगायचं कुणाला? त्यांनी तिथल्या तिथं पंधरा ऑगस्टचा दिवस ठरवला. त्या दिवशी दुकान तसंही बंद असे.

त्या उन्हाळ्यात आप्पांनी एक जीप घेतली होती. लष्कराच्या लिलावातली, रंग उडालेली, दार बांधायला सुतळी लागणारी. पण आप्पांच्या बोलण्यात ती जीप दोन लढाया मारून आली होती. ती चालवायला पेडगावचा मुंजाजी होता. मातीत वाढलेला माणूस, बोलायचा कमी.

"मालक, पाथरीपस्तोर डांबर हाय," मुंजाजी म्हणाला. "फुडं काळं रान हाय. ह्या दिसांत तिथं बैलगाडीबी कुणी जुपत न्हाई."

"आरं, ही जीप लष्करातली हाय!"

"लष्करात काळी माती नसंल, मालक."

आप्पांनी त्याला गप्प केलं. शांतम्मा नवं इरकली लुगडं नेसून, धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन मागं बसली. पाथरीपर्यंत आप्पा डावी-उजवीकडचा मुलूख असा समजावून सांगत होते, जणू तो त्यांनीच वसवला होता. डांबर संपलं. पाऊण कोस जीप बरी चालली. मग मागचं चाक एकदा घुरघुरलं, चिखलाची एक चकती आप्पांच्या धुतल्या टोपीवर येऊन बसली आणि दोन लढाया मारलेली जीप म्हशीसारखी पोटावर बसली.

काळ्या मातीचं एक असतं. ती धरते ती सोडत नाही. चाकं फिरत होती आणि फिरता फिरता गोल जात्यांएवढी जाड होत होती. मुंजाजीनं दगड शोधले. त्या रानात सुपारीएवढाही दगड नव्हता. आप्पांना एकदम आपल्या हुशारीची आठवण झाली. जीपमध्ये गिऱ्हाइकाला द्यायचं सरकीच्या पेंडीचं पोतं होतं. "पेंड टाक चाकाखाली, खरखरीत असती," त्यांनी हुकूम सोडला. पोतं रिकामं झालं. जीप तसूभर हलली नाही, पण वासावर कुठून तरी तीन म्हशी मात्र आल्या आणि चाकाखालची पेंड निवांत खाऊ लागल्या. ढकलायला खाली उतरलेल्या आप्पांना त्यांनी वाटेतून बाजूला सारलं. आप्पा बसले. म्हणजे बसायचा त्यांचा इरादा नव्हता. धोतर, सदरा, टोपी, सगळं एका रंगाचं झालं.

आप्पांना मनातल्या मनात हायसं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. कारण आता कारण सापडलं होतं. आयतं, डोळ्यांदेखत, चिखलानं बरबटलेलं. ते उठले आणि चेहरा पाडून म्हणाले, "दैवातच न्हाई, शांतम्मा. काय करतीस? पुढच्या वर्षी..."

शांतम्मानं डबा मुंजाजीच्या हातात दिला. "खाऊन घ्या तुमी," ती त्याला म्हणाली. मग नव्या लुगड्याचा ओचा वर खोचला, चपला काढून जीपमध्ये ठेवल्या, खाली उतरली आणि नदीकडं तोंड करून चालायला लागली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तिची दहा पावलं होईतो आप्पा थांबले. अकराव्याला निघाले. त्यांना चपला काढायचं सुचलं नाही, म्हणून डावी चप्पल तिसऱ्या पावलाला गेली आणि उजवी ती शोधताना गेली. कोसभर वाट ती पुढं आणि हे मागं. वाटेत एक म्हातारी निंदणी करता करता उभी राहिली आणि तिनं विचारलं, "बाई, मागून कोण यायलंय?" शांतम्मा म्हणाली, "आमचे मालक हायत." म्हातारीनं आप्पांकडं नीट पाहिलं आणि पुन्हा खाली वाकली.

नदी आधी ऐकू आली. मग दिसली. आप्पांनी ती पाहिली ती फक्त अर्धी, कारण तेवढ्यात त्यांची नजर वर गेली होती. लोखंडी मनोरा, त्यावरून निघालेली तार, आणि तारेला टांगलेला, तागडीच्या पारड्यापेक्षा फार मोठा नसलेला पाळणा.

नागनाथ पळत आला. "काका, ह्ये काय झालं?"

"जरा रान बघत आलो," आप्पा म्हणाले.

नागनाथचे साहेब झेंडावंदनाला परभणीला गेले होते. पाळण्यात दोघं मावत. नागनाथ काठावरून चाक फिरवणार होता. त्यानं मावशीच्या हातात लाल रुमाल दिला. "मधोमध गेल्यावर थांबवतो. बघून झालं की रुमाल हलवा, मंग वढून घेतो."

आप्पा बारीक आवाजात म्हणाले, "तू जाऊन ये, शांतम्मा. मी हितं चपला सांभाळतो."

तिनं त्यांच्या पायांकडं पाहिलं. नागनाथनंही पाहिलं. सांभाळायला तिथं काहीच नव्हतं. आप्पा निमूटपणे पाळण्यात जाऊन बसले.

पाळणा काठ सोडून निघाला तसे त्यांनी दोन्ही हातांनी समोरचा गज धरला आणि डोळे घट्ट मिटले. खालून पुराचा आवाज वर येत होता. वारा धोतरात शिरत होता. तार किरकिरत होती आणि प्रत्येक किरकिरीला आप्पा एकेका देवाचं नाव घेत होते. देव संपत आले तेव्हा पाळणा थांबला. हलला, डुलला आणि उभा राहिला.

"डोळे झाकलेत का?" शांतम्मानं विचारलं.

"न्हाई."

"मंग समोर काय हाय सांगा."

"पाणी."

"कसलं?"

"गंगेचं," आप्पा म्हणाले. ती हसली. तेच हसू, बावीस वर्षांपूर्वीचं, खुदकन आलेलं.

"एक बोलू का? रागावू नका. तुमी समुद्र बघितलेला न्हाई."

आप्पांच्या पायाखाली वाळू असती तर ती सरकली असती. तिथं तर नुसती नदी होती. "कोण म्हणालं?"

"तुमीच की. बायका घागरी भरून नेतात म्हणला होता. गोड पाणी म्हणला होता."

मिटल्या डोळ्यांपुढं आप्पांना आपलं दुकान दिसलं. दाराशीच मिठाची पोती. बाप मीठ विकत होता, आपण मीठ विकतो, हयात गेली समुद्राचं मीठ तागडीत घालण्यात, आणि बायकोला सांगितलं काय, तर समुद्राला बायका पाणी भरतात! बावीस वर्षं ही चूक आपल्या ध्यानात आली नाही. अशा माणसाकडून लोक किराणा तरी कसा नेतात, असंही त्यांना वाटून गेलं.

"माझा दादा आपल्या लग्नाआधीच गोकर्णाला जाऊन आला होता," शांतम्मा म्हणाली. "समुद्राच्या पाण्यानं तोंड धुतलं तर डोळे चुरचुरले म्हणून सांगायचा. तुमी सांगितलं, मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग तवाच का न्हाई बोललीस?"

"तुमी मला हसवायलात, तेबी कळलं होतं ना."

आप्पांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "मग दरसाल समुद्र दाखवा म्हणून मागं लागत होतीस ते?"

"वाटायचं, कवातरी म्हणाल, शांते, म्याबी न्हाई बघितला, चल, दोघं मिळून बघू." तिचा आवाज जरा ओला झाला होता. "तुमी उंदराचं कारण सांगितलंत, पर तेवढं न्हाई सांगितलं."

आप्पांचा जीव कळवळला. बावीस वर्षं ते पकडले जाण्याच्या भीतीनं घरात बसले होते आणि ज्या माणसाची भीती, ते माणूस पहिल्याच दिवसापासून त्यांना पकडून, काही न बोलता वाट बघत बसलं होतं. एवढा मोठा बोलणारा गडी, आणि सांगायची होती ती एक ओळ जन्मभर तोंडातून निघाली नव्हती.

"शांतम्मा," ते म्हणाले, "म्या असलं पाणी कधीच बघितलं न्हाई."

"आदी डोळे तर उघडा!"

त्यांनी उघडले. खाली गढूळ, तांबडं-काळं, फिरत फिरत जाणारं पाणी होतं आणि पलीकडचा काठ भुरभुरत्या पावसात पुसून गेला होता. एक अख्खं बाभळीचं झाड मुळांसकट त्यांच्या पायाखालून गेलं. झाडावर दोन बगळे बसले होते. आप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. वर्णन करायला काही म्हणजे काही सापडलं नाही. शांतम्माचा रुमाल मांडीवर तसाच पडून होता. काठावरून नागनाथ हाका मारत होता, पण दोघांनीही बराच वेळ तिकडं लक्ष दिलं नाही.

दिवस कलताना जवळच्या गावातल्या आश्रुबा नावाच्या शेतकऱ्यानं बैलांच्या दोन जोड्या लावून लढाऊ जीप बाहेर काढली. डबा रिकामा होता. मुंजाजीनं सांगितल्याप्रमाणे खाऊन घेतलं होतं. डांबर लागलं, जीप धावू लागली, आणि आप्पा आयुष्यात पहिल्यांदा पाऊण तास गप्प बसले. मुंजाजीनं काळजीनं दोनदा मागं वळून पाहिलं.

मानवतचे दिवे दिसायला लागले तेव्हा शांतम्मा म्हणाली, "सांगा की परत, ते समुद्राचं. बायका घागरी घेऊन येतात ते."

आप्पा ओशाळले. चिखल वाळून धोतर ताठ झालं होतं, त्याचा सोगा त्यांनी उगाच सारखा केला. मग घसा साफ केला आणि हळूच विचारलं, "सांगतो. पर पाणी ह्या बारीला खारट सांगू का?"

"नको," शांतम्मा म्हणाली. "गोडच राहू द्या."