भाव दाखवणारा झपाटलेला पडदा

मी एक जुना टीव्ही आहे. हो, तोच! तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला, ज्याला तुम्ही ‘भूतपेटी’ म्हणता. मित्रांनो, मला मुळीच राग येत नाही, कारण तुमचं खरंच आहे. देवमासा दाखवला की त्याच्या पोटावर, ज्वालामुखी दाखवला की त्याच्या धुरात, डाव्या कोपऱ्यात एक पुसट नाव उमटतं. सर काच पुसून पुसून थकले. ते नाव निघायचं नाही. ते माझ्या आत आहे.

कारखान्यात मी तयार झालो तेव्हा काय माझा रुबाब होता! मला वाटलं, आता आपल्याला एखाद्या बैठकीच्या खोलीत जागा मिळणार, घरभर हसू आणणार. पण मला विकत घेतलं एका शेअर दलालानं. सगळे त्यांना मामा म्हणत. मामांच्या ऑफिसात प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाच्या डागांचं टेबल आणि भिंतीवर मी. सकाळपासून माझ्या अंगावरून आकडे धावायचे. शेअर म्हणजे कंपनीचा इवलासा तुकडा. त्या तुकड्याचा भाव वर गेला की खुर्च्या आनंदानं करकरायच्या, खाली आला की सगळे माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच त्यांचा खिसा कापला!

मामांची लाडकी कंपनी एकच होती. हेडफोन, फोन, घड्याळं बनवणारी. तिचं नाव त्यांनी माझ्या डाव्या कोपऱ्यात कायमचं लावून ठेवलं. एकच चित्र वर्षानुवर्षं एका जागी राहिलं की आमची काच ते गिळून टाकते. तसंच झालं.

त्या ऑफिसची एक गंमतशीर रीत होती. एखाद्या तंत्रज्ञानाच्या कंपनीवर हजारो गिऱ्हाइकांनी मिळून कोर्टात दावा लावला, अशी बातमी आली की भाव धाडकन पडायचा. घाबरट लोक शेअर विकायचे. तेव्हा आमच्याकडे रोज येणारे एक दातांचे डॉक्टर उभे राहून ओरडायचे, “सेल लागला रे सेल!” मग सगळे टाळ्या पिटत शेअर घ्यायचे. थोड्या दिवसांत भाव पुन्हा वर. डॉक्टर म्हणायचे, “दाव्यानं या कंपन्यांना साधी सर्दीसुद्धा होत नाही.” आणि खरं सांगू? त्यांचं दर वेळी बरोबर यायचं.

तिथे एक शिवणकाम करणाऱ्या काकू यायच्या. खालीच त्यांचं दुकान होतं. मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेलं सगळं त्यांनी त्या लाडक्या कंपनीत घातलं होतं. मुलीचं नाव सगळ्यांनी भिंगरी पाडलेलं, कारण ती एका जागी बसतच नसे. शाळा सुटली की ती माझ्याखाली गृहपाठ करायची. वाढदिवसाला काकूंनी तिला त्याच कंपनीचे हेडफोन घेतले. “आपलीच कंपनी, आपलाच माल!” त्या ऐटीत म्हणाल्या.

काही आठवड्यांनी भिंगरी म्हणाली, “आई, यातून मधेच कुणीतरी किंचाळतं.”

काकूंनी हेडफोन कानाला लावून पाहिले. गाणं छान वाजत होतं.

“गणित करताना किंचाळत असेल,” डॉक्टर म्हणाले. “ते भूत नाही, तुझी अक्कल आहे!”

सगळे खो खो हसले. भिंगरीसुद्धा हसली. पण त्यानंतर ती माझा आवाज वाढवू लागली. रोज थोडा जास्त. “अगं, कमी कर, बहिरी आहेस का?” असं मामा ओरडायचे, तेव्हा ती वळूनही बघायची नाही. मी वरून सगळं पाहत होतो. माझ्याकडे आवाज होता, पण स्वतःचा एक शब्दही नव्हता.

आणि एके दुपारी ती बातमी माझ्याच तोंडून निघाली. त्या हेडफोनमधून अचानक कानठळ्या बसवणारी किंकाळी येते, कितीतरी मुलांचे कान गेले, हजारो आईबापांनी मिळून दावा लावला.

“सेल लागला रे सेल!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्यासमोर, हातभर अंतरावर उभी असलेली भिंगरी दचकलीच नाही. तिनं फक्त डावा कान माझ्याकडे वळवला. काकूंनी ते पाहिलं. त्यांच्या हातातला कप तसाच राहिला.

“मामा, माझे सगळे शेअर विका,” काकू म्हणाल्या. “मला त्या दाव्यात जायचंय.”

“ताई, आत्ता? भाव तळाला गेलाय! पोरीच्या शिक्षणाचं काय?”

“आईबाप दावा हरले तर माझे शेअर वाढणार. म्हणजे पोर हरावी म्हणून मी इथे बसून वाट बघू का?”

डॉक्टर समजुतीनं म्हणाले, “अहो, असला दावा म्हणजे हजार जणांत एक लिंबू. रस वकिलाला, बी तुम्हाला.”

“मग बी द्या,” काकू म्हणाल्या. “पण पिळलं कुणी, ते तरी चारचौघांत कळू दे.”

दावा खूप रेंगाळला. शेवटी कंपनीला तो माल बाजारातून परत घ्यावा लागला. आणि काकूंना काय मिळालं? त्याच कंपनीच्या नव्या हेडफोनवर सवलत! काकू इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की मामांनी मला बंद केलं. त्या काळ्या काचेत मला त्यांचा चेहरा दिसला. तो अजून माझ्यातून जात नाही. भाव मात्र पूर्वीपेक्षा वर गेला होता. डॉक्टरांचं पुन्हा बरोबर आलं.

काकूंनी शेअर सोडले, पण भिंगरी यायची थांबली नाही. आता ती लोकांचे ओठ वाचायला शिकली होती. मग एका दुपारी दुसऱ्याच कंपनीवरच्या दाव्याची बातमी आली. फोन पेटल्याची. डॉक्टर उठले, त्यांनी तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आधीच भिंगरीनं ते ओठांवर वाचलं आणि हसऱ्या चेहऱ्यानं, अगदी सहज विचारलं,

“काका, आज कुणाचं काय गेलं?”

डॉक्टरांचं तोंड त्यांच्या रोग्यांसारखं उघडंच राहिलं. मग ते हळूच खाली बसले. मामांनी त्या दिवशीही सौदे केले, पण टाळी कुणीच वाजवली नाही. पुढे त्यांनी नवा टीव्ही आणला आणि मला तुमच्या शाळेला देऊन टाकलं.

मित्रांनो, माझी काच जपा असं मी सांगणार नाही, ती तर गेलीच आहे. पण कुणी म्हणालं, “यातून कुणीतरी किंचाळतं,” तर हसण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून ऐका. नाही ऐकू आलं, तर आणखी थोडा वेळ बसा.