मुका फोन

रुपालीने पोराला वजनकाट्याच्या झोळीत घातलं आणि काटा हलायचा थांबेपर्यंत वाट पाहत उभी राहिली. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. एका हाताने झोळी सावरत तिने तो कानाला लावला.

"हॅलो? कोन बोलतंय?"

पलीकडे काहीच नाही. मग टक् असा आवाज आणि एक गोड गळा. "नमस्कार मॅडम, मुरबाडजवळ डोंगराच्या कुशीत बंगलो प्लॉट..."

"डोंगराच्या कुशीतच जन्मलेय मी, बाई! ठेव फोन!"

पोर दचकून रडायला लागलं. त्याची आई तोंडाला पदर लावून हसली. रुपालीला मात्र हसू येत नव्हतं. सकाळपासून हेच चाललं होतं.

ती डोळखांबकडच्या पाड्यांचं आरोग्याचं काम पाहणारी आशाताई. शाळेच्या भिंतीवर, हापशाच्या कट्ट्यावर, दुकानाच्या फळीवर तिने स्वतःच आपला नंबर रंगवून घेतला होता. कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाला साप चावला, की पाड्यातलं माणूस रेंज मिळते त्या टेकाडावर चढायचं आणि ज्याच्या फोनात बॅलन्स असेल त्याच्या फोनवरून तिला लावायचं. मग ती जीप पाठवायची. अनोळखी नंबर उचलायचा नाही, ही चैन तिला परवडणारी नव्हती. प्लॉटवाल्यांना, कर्जवाल्यांना आणि बक्षीस लागलंय म्हणणाऱ्यांना तेच फावलं होतं.

कायदा होता की! नको म्हणून सांगितलेल्या माणसाला जाहिरातीचा फोन करायचा नाही, केला तर नंबर बंद, असा चांगला सरळ कायदा. शहापूरच्या मोबाइलवाल्याने तिचं नाव त्या यादीत घालून दिलं, तिने तक्रारीही केल्या. एक नंबर बंद व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच गोड गळा नव्या नंबरावरून हजर. असल्या कायद्याचं काय लोणचं घालायचं, असं ती नवऱ्याला विचारायची.

मोबाइलवाल्याने तिला एक खूण तेवढी सांगितली होती. त्यांचं यंत्र एकदम पुष्कळ जणांना फोन लावतं आणि मोकळी असेल ती पोरगी मग लाइनवर येते. तोवर फोन मुका. उचलल्यावर कोणी बोललं नाही, की समजायचं, हे तेच.

एके दिवशी खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. रुपालीच्या केसांत, पापण्यांवर भुसा बसला होता. सकाळीच कर्जवाल्याने डोकं खाल्लं होतं आणि दुपारी प्लॉटवालीने. पुन्हा फोन वाजला तेव्हा तिने पेंढी टाकून तो उचलला. पलीकडे कोणी बोलेना. नुसती घरघर ऐकू येत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मेल्या, लाज वाटते का जराशी? मानसाला काम असतात का नाय? परत फोन केलास ना, तर चपलेनं तोंड फोडीन!"

फोन कट. वर तिने तो नंबर ब्लॉकही केला. पलीकडच्या पाटावर पेंढी आपटत असलेला तिचा नवरा गणू हसला.

"बरी दिलीस गो."

रुपालीलाही बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी ती खैराच्या वाडीत गेली. वाळूदादाच्या ओटीवर त्याची सून, लहानी, निजली होती, चेहरा पांढराफटक. कुशीत नवं बाळ. परवा दवाखान्यात नेताना, रस्त्याला लागायच्या आधीच, डोलीतून उतरवून, मोहाच्या झाडाखाली बाळंत झाली होती. रक्त फार गेलं होतं. रुपालीने दोघांना तपासलं, लहानीला दवाखान्यात न्यायला जीप सांगितली आणि मग वाळूकडे वळली.

"अक्कल गहान टाकलीत काय, वाळूदादा? मेली असती पोर! भिंतीवर नंबर कशाला लिवलाय, शोभेला? एक फोन करायला काय झालता?"

वाळूने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"केलता ताई. नवशाच्या फोनवरना."

"कवा?"

"टेकावर धावत गेलतो. दमच निंघंना तोंडातून, बोलू कसा? तवर तुमी रागावल्या. परत लावला, तं लागला नाय."

रुपालीच्या हातातली पिशवी खाली घसरली. तिने ती उचलली नाही.

"चूक माझीच," वाळू समजुतीने म्हणाला. "झोडनीचा टाइम, तुमी कामात. आमाला समजाया पायजे व्हता. पाड्यात सांगून ठेवलाय सगल्यांना, ताईला तरास द्यायचा नाय."

त्याने उठून तिच्या मुस्कटात मारावी, असं तिला वाटलं.

"तुमाला नव्हत्या त्या शिव्या," ती कशीबशी म्हणाली. "शपथ. मला वाटला, ते प्लॉटवाले..."

"आसंल," वाळू म्हणाला. त्याने मान डोलावली, पण त्याचा विश्वास बसलेला नव्हता. मोठ्या माणसांचं रागावणं आणि मग सारवासारव करणं त्याने जन्मभर पाहिलं होतं. ज्यांच्यासाठी ती शिवी होती, ते एकदाही घाबरले नव्हते. घाबरला होता तो हा.

"मीच सांगते सगल्यांना," म्हणत ती ओटीवरून उतरली आणि तशीच शेजारच्या दारात गेली.

दारात भिमी सुपाने तांदूळ पाखडत होती. रुपालीला येताना पाहून तिने सूप घाईघाईने खाली ठेवलं आणि उठून उभी राहिली.

"नाय ताई," ती म्हणाली, "आमी नाय केला फोन."