जो चूप आहे तो आधी

"सिस्टर, माहं नाव कापून टाका," म्हणत लहानूभाऊंनी छापील पत्रिका माझ्या इंजेक्शनच्या ट्रेजवळ ठेवली.

माझं डोकंच फिरलं. पंधरा ऑगस्टच्या सत्कारासाठी त्यांचं नाव मीच नगरसेवक मधुकररावांना दिलं होतं. लहानू गजभिये आमच्या वॉर्डाच्या दवाखान्यात ड्रेसर. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, संध्याकाळी सायकलला टांग मारून घरी. याच माणसानं फौजेत असताना पासष्टच्या लढाईत गोळीबारातून चार जखमी जवान पाठीवर टाकून आणले होते, आणि दोन वर्षांत त्यातलं अवाक्षर कुणाजवळ काढलं नव्हतं. मलाही कळलं ते त्यांचे नोकरीचे कागद लावताना.

"काहून कापू? छापून झालं आता. लोकं हार घालतील तं अंग झिजन काय तुमचं?"

"चार आणले तं लोकं वीर म्हणून राहिले. पाच होते बाई तिथं."

मग त्यांनी पत्रिकेतल्या दुसऱ्या नावावर बोट ठेवलं. वीरमाता अंजनाबाई, मुक्काम कुही. मधुकररावांनी उत्साहानं त्यांनाही बोलावलं होतं. "गोविंदाची माय," ते म्हणाले. "दोन साल झाले, कुहीले जायची माही हिंमत नाई झाली."

बाहेर बाकावर एक टांगेवाला बोट कापलं म्हणून दवाखाना डोक्यावर घेत होता. लहानूभाऊ त्याला ओलांडून कोपऱ्यात भाजलेला हात पदराखाली धरून बसलेल्या बाईकडे गेले. ही त्यांची रोजची खोड. ओरडणारा ओरडत राही आणि हे चूप बसलेल्याकडे आधी जात. त्यावरून लोक माझ्याशी भांडत, मी लहानूभाऊंशी भांडे. कारण मात्र मी कधी विचारलं नाही, नुसतीच करवादत राहिले.

सत्काराला ते आले, कारण मी अबोला धरीन अशी धमकी दिली होती. शाळेचं मैदान भरलेलं, भोंगा कर्कश. मधुकररावांनी त्यांना तीनदा शूरवीर म्हटलं, खांद्यावर शाल टाकली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. लहानूभाऊ माईकपर्यंत गेले. तिथून वळले आणि पायऱ्या उतरून खाली आले. लोकांना वाटलं, लाजले. टाळ्या आणखी वाढल्या.

पहिल्या रांगेच्या टोकाला अंजनाबाई बसल्या होत्या. मूठभर बाई, हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी. लहानूभाऊ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी मागोमाग धावले.

"माय, मी लहानू. गोविंदासंगं होतो." त्यांचा आवाज टाळ्यांत मला जेमतेम ऐकू येत होता. "पाच जण पडले होते. चौघं बोंबलून राहिले होते. गोविंदा चूप होता. मले वाटलं, त्याले कमी लागलं असन. मी चौघायले आधी नेलं. पाचव्या खेपेले गेलो तं अंग गरम होतं अजून. आधी त्याच्याकडे गेलो असतो तं तो वाचला असता. मले कोणी वीर म्हणो, तुमच्यासमोर म्हणू नये."

मला वाटलं, ही बाई आता शाप देणार. आपण कशाला हा उपद्व्याप केला, असं झालं मला. अंजनाबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"तसाच होता गा तो," त्या म्हणाल्या. "लहानपणी इच्चू चावला, तं सकाळ होईस्तोवर बोलला नाई. मायची झोप मोडन म्हणे." मग थांबून विचारलं, "डोळे उघडे होते का त्याचे?"

"हो."

"मंग?"

"मी मिटले. त्याले पाठीवर घेऊनच परत आलो."

अंजनाबाईंनी मान हलवली. "मले रोज वाटे, माह्या पोराजवळ कोणीच नव्हतं. तू होता म्हणजे."

मी आयुष्यात पुष्कळ मरणं पाहिली, मढ्यापाशी कमरेत वाकून रडणारे पाहिले. पण त्या बाईसमोर माझी मान आपोआप खाली गेली. सैन्यातला माणूस मोठा की त्याची माय मोठी, मला सांगता येणार नाही.

लहानूभाऊंचीही मान खालीच होती. म्हणून त्यांना ते दिसलं. अंजनाबाईंच्या पायाला लुगड्याची चिंधी बांधलेली होती आणि ती रक्तानं काळी पडली होती.

"हे काय झालं, माय?"

"मोटारीतून उतरली तवा काच रुतली. सांगण्यासारखं काही नाई."

माईकवरून शूरवीर लहानू गजभिये यांना मंचावर पुन्हा बोलावत होते. लहानूभाऊ मातीत बसले. शालीची घडी करून त्यांनी ती अंजनाबाईंच्या टाचेखाली ठेवली आणि चिंधी सोडायला लागले.