रंग नवा, हॉर्न तोच

"बाबा, हॉर्न मी वाजवू काय?"

मागच्या सीटवरून अलफिया आणि सारिका या मैत्रिणींनी "हिंमत असन तं विचार बे!" असं डिवचलं, म्हणून पुढे आईबाबांच्या मध्ये बसलेल्या प्रेरणाने विचारलं. गाडी चालवणारे तिचे बाबा, नागसेनराव, हसून म्हणाले, "वाजव न."

मित्रांनो, तो हॉर्न माझा. सोनाळ्याच्या वरच्या डोंगरात उभी हयात घालवलेली मी एक जुनी जीप आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, शहरात मिरवायला मिळेल. पण जावेदभाईंनी मला घेतलं आणि दऱ्याखोऱ्यांतल्या वस्त्या दाखवल्या. आत दाटीवाटीने माणसं, टपावर टोपल्या, कधी एखादी शेळीसुद्धा! वळणावर हॉर्न दिला की बाया टोपल्या घेऊन धावत यायच्या, आणि शेवटची बाई बसेपर्यंत जावेदभाई गाडी हलवायचे नाहीत. बाजारात उतरताना त्या माझ्या बॉनेटवरून हात फिरवायच्या. केवढा मान होता मला!

पुढे जावेदभाईंची नजर अधू झाली. मी लिंबाखाली उभी राहिले ती राहिलेच. मागच्या सीटवर एका कोंबडीने अंडी घातली, तेवढीच काय ती सवारी. मग मलकापूरच्या नागसेनरावांनी मला घेतलं, हिरवागार रंग दिला. हॉर्न मात्र तोच ठेवला.

आणि आज सहल! सागाची झाडं, दरीत उतरलेले ढग, दर वळणाला पोरींचं "थांबा, फोटो!" प्रेरणाने हॉर्न दाबला आणि माझा रेड्यासारखा आवाज दरीभर घुमला. पोरी खिदळल्या. तिने पुन्हा दाबला. खरं सांगते, मलाही आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात उतारावरून हाक आली, "थांब वो बाई, आली मी!"

रुख्मिणीआजी, माझी बाजाराची जुनी सवारी! डोक्यावर सीताफळांची टोपली घेऊन ती धावत होती. बाबांनी ब्रेक दाबला. आजीचा पाय घसरला, चार फळं गडगडत माझ्या चाकाशी आली. सारिका मोबाईल धरून हसतच होती.

"जावेदभाऊ कुठं हाय?" बॉनेटवर हात टेकून आजीने धापा टाकत विचारलं.

"आजी, गाडी आता आमची हाय," बाबा अवघडून म्हणाले. "आम्ही धबधबा पाहाले जाऊन राह्यलो."

"असं काय?" आजीने हात काढून घेतला. "मले वाटलं, जीप सुरू झाली. माल पिकेल हाय, आज बाजारात नाही गेला तं उद्या फेकाच लागते. आवाज तोच हाय न, म्हून पयत आली."

मित्रांनो, माझ्या हिरव्यागार रंगाची मला इतकी लाज वाटली की वाटलं, पुन्हा त्या लिंबाखाली जाऊन उभं राहावं. ज्या आवाजावर बाया विसंबायच्या, त्याच आवाजाने मी आज आजीला फसवलं होतं. जुनी वस्तू घरी आणाल तेव्हा तिला पुसा, रंगवा, जरूर जपा. पण तिची वाट कोण पाहत होतं, तेही एकदा विचारा.

सारिकाचा मोबाईल खाली आला. प्रेरणाचे कान लाल झाले होते. ती उतरली, माझ्या चाकाशी वाकून एकेक सीताफळ तिने ओढणीने पुसलं, टोपलीत ठेवलं. मग ती आईबाबांकडे वळली.

"आई, बाबा, धबधबा राहू द्या. आजी माह्या जागेवर बसन, आम्ही तिघी मागं टोपली धरून बसू. गाडी बाजाराले घ्या. अन् थांबा, मी पुन्हा हॉर्न देते. वस्तीत अजून कोणाच्या टोपल्या भरेल असतीन!"