तेल दसऱ्यालाच बदलायचं

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हटल्याचा मला आता राग येत नाही. माझ्या मीटरवर चार लाखांच्या वर आकडा आहे आणि त्यातला एकेक किलोमीटर मी स्वतः धावले आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझे मालक रखमाजी यांनी मला जाफराबादला आणले. काळी-पिवळी म्हणून मी भोकरदनच्या वाटेवर पंधरा वर्षे काढली. परवानगी नऊ जणांची आणि आत माणसे पंधरा, शिवाय टपावर कापसाची गाठोडी! तरी मी कुरकुर केली नाही. "रखमाजीची गाडी आली," म्हणत लोक स्टँडवरून उठायचे, तेव्हा मला फार बरे वाटे.

दर दसऱ्याला रखमाजी मला धूत, झेंडूचा हार घालत, नारळ फोडत आणि इंजिनचे तेल बदलत. तेव्हा धंदा होता, म्हणून तेल वर्षातून आणखी तीन-चारदा बदलले जाई. धंदा बंद झाला आणि फक्त दसरा उरला. मला पांढरा रंग दिला आणि गोठ्याशेजारी उभे केले. कोंबड्या माझ्या बोनेटवर झोपा काढू लागल्या.

मग रखमाजींच्या पत्नी कौसल्याबाई यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जालन्याच्या दवाखान्यात यंत्रावर त्यांचे रक्त साफ करून घ्यावे लागे. येताना त्यांना बसमध्ये उभे राहवत नसे. म्हणून मला पुन्हा बाहेर काढले, मागच्या बाकावर गोधडी अंथरली. आता माझ्यावर एका माणसाचा जीव अवलंबून होता.

त्या वर्षी ऐन दसऱ्याला कौसल्याबाई दवाखान्यात भरती होत्या. पूजा राहिली, तसे तेलही राहिले. कुणी आठवण केली की रखमाजी म्हणत, "आता पुढच्या दसऱ्यालाच. मधी कशाला खर्चा?" पूजेशिवाय तेल बदलायचे त्यांच्या मनातच येत नव्हते.

पौषात माझ्या नळीतून निळा धूर निघू लागला. तेल जळत होते आणि उरलेले काळेकुट्ट झाले होते. रखमाजींनी ट्रॅक्टरच्या गिअरचे उरलेले तेल आणून त्यातच ओतले. "जुन्या गाडीला जाड तेलच बराबर," ते म्हणाले. धूर कमी झाला आणि ते खूश झाले. आत काय चालले आहे हे मला कळत होते, पण मला कोण विचारतो?

त्याच महिन्यात एका मंगळवारी कौसल्याबाईंना ताप होता, म्हणून जालन्याची फेरी चुकली होती. शुक्रवारी सकाळी त्यांचे पाय सुजलेले, श्वास अपुरा. बाहेर कडाक्याची थंडी होती. मी कशीबशी सुरू झाले. तेलाचा लाल दिवा विझेना. "गरम झाली की विझतो तो," म्हणत रखमाजींनी मला दामटले. आत घट्ट झालेले तेल वर चढत नव्हते. लोखंडावर लोखंड कोरडे घासत होते. राजूरच्या अलीकडे माझ्या पोटात खडखड झाली आणि मी बंद पडले.

रखमाजी रस्त्याच्या मधोमध हात जोडून उभे राहिले. खच्चून भरलेली एसटी थांबली. कंडक्टरने उठून कौसल्याबाईंना आपली जागा दिली. त्या पोहोचल्या, पण उशिराने. पुढचे दोन दिवस त्यांना ऑक्सिजन लावावा लागला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

जाफराबादचा मेकॅनिक कल्याण मला ओढून घेऊन गेला. सोमवारी दवाखान्यातून सुटून दोघे थेट त्याच्या दुकानात आले. कल्याणने तेल मोजायची पट्टी ओढून काढली, बोटांत चोळून वास घेतला.

"काका, हे तर गिअरचं तेल हाय! धूर झाकला तुमी, झीज थोडीच झाकती?"

"जुनी गाडी हाय, मंग जाड नको का?"

"थोडं जाड चालतं. पण इंजिनचंच पायजे, अन् तिच्या पुस्तकात लिवलंय त्या नंबरचं. थंडीत बी चढलं पायजे ना वर! अन् दर पाच हजार किलोमीटरला बदला. जुनी हाय म्हणून तर जल्दी बदलायचं."

"दसरा तर लई दूर हाय..." रखमाजी पुटपुटले.

स्टुलावर बसलेल्या कौसल्याबाई हळूच बोलल्या, "अहो, माझं रक्त आठवड्यात दोनदा साफ करून आणता. तिला दसऱ्यापर्यंत थांबा म्हणता व्हय?"

रखमाजींनी खिशातले पैसे काढून कल्याणच्या हातात ठेवले. त्यांचे डोळे भरून आले. कल्याणने झिजलेले बेअरिंग बदलले आणि योग्य तेल भरले. त्यानंतर चैत्रातल्या एका साध्या बुधवारी, हार नाही, नारळ नाही, माझे तेल पुन्हा बदलले गेले.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर तिचा धूर लपवू नका, तो का येतो ते विचारा. तिला तिचेच तेल द्या आणि वेळेवर द्या. हार नसला तरी चालेल.

मला आता फार वर्षे चालायचे नाही. भंगारात जाण्याचीही भीती वाटत नाही. फक्त कौसल्याबाईंच्या आधी मी थांबू नये.