वाटीएवढी चुंबळ

जनीने कापडाची गोल चुंबळ बादलीत बुडवली, हलकी पिळली, पाटावर ठेवली आणि तिच्यावर भाताची वाटी बसवली. बोटाने वाटी ढकलून पाहिली. हलली नाही. मग तिने अक्षयच्या मुठीत चमचा दिला. चमच्याच्या दांड्याला जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळून तो जाड केलेला होता.

"आज मामाकडं जेवायला काय हाय?" अक्षयने विचारलं.

"गप जेव."

"नाय, मी मामाकडं ऱ्हातो ना? मग मामा काय वाढतो ते कळाया नको?"

अक्षयचं बोलणं घरच्यांनाच समजायचं. जन्मला तेव्हा तो वेळेवर रडला नव्हता, आणि तेवढ्या चार-पाच मिनिटांत त्याचे हातपाय आणि जीभ कायमची त्याच्या ताब्याबाहेर गेली होती. डोकं मात्र जागेवर, आणि नको तितकं तल्लख. सतरा वर्षांच्या त्या पोराला आईला नेमकं कुठे टोचतं ते बरोबर ठाऊक होतं. जनीने तोंड फिरवलं आणि रोह्याला न्यायच्या पिशवीत पोह्याचे पापड भरायला घेतले.

मामाची गोष्ट अशी. तीन आठवड्यांपूर्वी रोह्याची माणसं अक्षयच्या बहिणीला, नम्रताला, बघायला आली होती. त्या दिवशी अक्षयला उचलून शेजारच्या धोंडुबाईच्या पडवीत नेऊन ठेवलं होतं. स्थळ आणलं होतं जनीच्या थोरल्या भावाने, पनवेलच्या हिरामणने. मुलाच्या बापाने "तुमचा मुलगा दिसत नाय तो?" असं विचारलं, आणि कुणाचं तोंड उघडायच्या आत हिरामण बोलून गेला, "तो माझ्याकडं असतो, शिकायला. लय हुशार." तोंडातून सुटलं ते सुटलं. जनीचा नवरा काळुराम उगाच पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. मिठागरावर ऐन उन्हात बारा तास उभा राहणारा तो माणूस, पण तेवढ्या दोन मिनिटांत त्याला दरदरून घाम फुटला.

हिरामणचंही अगदीच चुकलं म्हणता येत नाही. त्याआधीची दोन स्थळं खरं सांगितल्यावर परत गेली होती. एकांनी "कळवतो" म्हणून अजून कळवलेलं नाही. दुसऱ्यांनी तोंडावरच विचारलं होतं, "उद्या तुमच्या मागं भावाला कोण बघायचं? आमची सून?"

नम्रता मात्र त्या दिवसापासून धुमसत होती.

"आये, रोह्याला घर बघाया जाशील तवा तू सांगायचं. नायतर साखरपुड्यात मी उभी ऱ्हाऊन सांगीन, समद्यांच्या म्होरं."

ती सांगणार, याबद्दल जनीला तिळमात्र शंका नव्हती. आणि रोह्याचा निलेश नम्रताला आवडला होता, हीच तर खरी पंचाईत होती. खरं बोलावं तर लग्न मोडेल, न बोलावं तर पोरगी स्वतःच मोडेल.

"निघू कं?" काळुराम बाहेरून म्हणाला.

जनीने अक्षयचं तोंड पुसलं. त्याने अख्खी वाटी संपवली होती.

"आये," तो म्हणाला, "मामाला सांग, मी मजेत हाय."

वडखळ नाक्यावर हिरामण भेटला आणि तिघं रोह्याच्या एस.टी.त बसले. नागोठण्यापर्यंत हिरामणचा एकच धोशा चालू होता.

"जने, तू काय बी बोलू नको. लगीन होऊ दे. मंग पोर झाल्यावर कोन इचारतो?"

जनी खिडकीबाहेर बघत होती. तिच्या मनात पत्रं होती.

नम्रता पेणला रामवाडीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये कामाला होती. तिथे गेल्या वर्षी इंटरनेट आलं. अक्षयला तपासणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी अशा मुलांच्या घरच्यांसाठी ई-मेलची एक यादी सुरू केली होती. एकाने लिहायचं, ते सगळ्यांना पोचायचं. पुण्याची, नागपूरची, दुबईची, अमेरिकेतली माणसं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. क्लास सुटला की नम्रता आठवड्याची पत्रं छापून घरी आणायची आणि रात्रीच्या भाकऱ्या भाजता भाजता जनी ती ऐकायची. जनी त्यांना पत्रंच म्हणायची. कुणी पूर्ण नाव लिहायचं नाही, गाव लिहायचं नाही. सगळ्यांच्याच घरी कुणाचं ना कुणाचं लग्न व्हायचं होतं. जनी होती 'ए.ची आई'.

तिच्या पदरी होती चौथी इयत्ता आणि डोक्यावरून वाहिलेलं आगरातलं मीठ. दुबईच्या माणसांना आपण काय सांगणार, असं म्हणून पहिले सहा महिने तिने नुसतं ऐकलं. मग दिवाळीच्या सुमारास एक पत्र आलं. 'आमची डी. चौदा वर्षांची आहे. स्वतःच्या हाताने जेवायचा हट्ट धरते. पण वाटी सरकते, भात सांडतो, मग ती तोंड मिटून घेते ते दिवसभर उघडत नाही. काय करू? — डी.चा दादा.'

अमेरिकेच्या एका बाईने लगेच कसल्याशा रबराच्या चटईचं नाव कळवलं. ती चटई तिकडेच मिळत होती.

"लिव गो," जनी तव्यापासून न उठता नम्रताला म्हणाली होती. "चुंबळ कर म्हणावं. जुन्या लुगड्याची, वाटीच्या बुडाएवढी. मधी आडवे टाके घाल, म्हणजे सुटायची नाय. ओली कर. पण लय पिळू नको, थोडी ओल राहू दे. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालतो आमी, ती हलत नाय, मग वाटीची काय मिजास?"

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. 'ए.च्या आईंना नमस्कार. आज डी.ने अख्खी वाटी स्वतः संपवली. आई रडली. मीपण.' जनीने ते पत्र नम्रताकडून तीनदा वाचून घेतलं होतं. तो कागद अजून तिच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी होता.

निलेशच्या बापाचं, पुंडलिकचं, घर रोह्याच्या अलीकडे, भातशेतीच्या कडेला होतं. निलेश कंपनीत पहिल्या शिफ्टला गेला होता, दुपारी यायचा होता. त्याच्या आईने, सरूने, पाव्हण्यांना घर दाखवलं. मागच्या दारी नळ होता, स्वयंपाकघरात गॅस होता, खुंटीवर पुंडलिकची धुवट टोपी होती. सरू कमी बोलणारी, पण एकेक गोष्ट दाखवताना पाव्हणीच्या तोंडाकडे निरखून बघणारी. जनीला ती बरी वाटली आणि म्हणूनच तिला जास्त चोरट्यासारखं झालं.

"जेवूनच जायचं," पुंडलिक म्हणाला. "वालाचं बिरडं हाय. घरचे वाल."

हात धुवायला जनी मोरीवर गेली. नळ सोडला, हात चोळले आणि पुसायला फडकं कुठे आहे ते बघितलं.

खिळ्याला एक चुंबळ वाळत होती.

जनी बघतच राहिली. घरात नळ असलेल्या बाईला चुंबळ कशाला लागते, हा पहिला प्रश्न. आणि ही तर तळहाताएवढी होती. एवढीशी चुंबळ कुणाच्या डोक्यावर बसणार? मऊ जुन्या कापडाची, आडव्या टाक्यांची, हळदीचा पिवळा डाग पडलेली. एका टाक्यात भाताचं शीत वाळून चिकटलं होतं.

"ती हंड्याची हाय," मागून सरू म्हणाली. घाईने म्हणाली.

"व्हय," जनी म्हणाली आणि पदराला हात पुसले.

बघायच्या दिवशी सरू बोललेली तिला आता आठवलं. "एकच पोरगा हाय आमाला." त्यात काही खोटं नव्हतं. मुलीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

जग लहान आहे असं लोक म्हणतात. आपला रायगड जिल्हा त्याहून लहान, आणि त्यात जातीतली, वयाला आणि पत्रिकेला जुळणारी स्थळं म्हणजे बोटावर मोजण्याइतकी. तरी जनीने त्या आडव्या टाक्यांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. 'आई रडली. मीपण.' असं लिहिणारा पोरगा आज पहिल्या शिफ्टला गेला होता. आणि ती चौदा वर्षांची पोर या क्षणी कुणाच्या तरी पडवीत बसून पाव्हणे जायची वाट बघत असणार, जसा तीन आठवड्यांपूर्वी अक्षय बसला होता.

आता बोलायची गरजच काय होती? त्यांचंही झाकलेलं, आपलंही झाकलेलं. फिट्टंफाट. हिरामणला हे कळलं असतं तर त्याने मनातल्या मनात टाळीच दिली असती. जनीच्याही मनात ते येऊन गेलं, नाही असं नाही. लग्न बिनबोभाट झालं असतं. आणि लग्नाच्या दिवशी मांडवात वाजंत्री वाजत असताना दोन पोरं दोन गावांत दोन परक्या पडव्यांत बसून राहिली असती. एकाच्या बहिणीचं लग्न, एकीच्या भावाचं. तिला सरूचा राग आला नाही. आला तो स्वतःचा.

सरूने चार पाट मांडले होते. पुंडलिक, काळुराम, हिरामण आणि जनी. गरम तांदळाच्या भाकऱ्या आल्या. हिरामण खुशीत होता.

"आमच्या अक्षयला बिरडं म्हंजे जीव की प्राण," तो म्हणाला. "पण काय करनार, परीक्षा हाय ना त्याची."

"अक्षय हिरामणदादाकडं नाय," जनी म्हणाली.

हिरामणचा घास हातात राहिला.

"तो घरीच असतो, माझ्याकडं. त्याचे हातपाय वळत नाईत. जन्मापासून. बोलतो, पण तुमाला कळायचं नाय, सवय लागंल. तुमी आमच्याकडं आलात तवा त्याला आमी शेजारी लपवलावता." तिने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "पोरगं खोटं नाय. खोटं आमी बोललो. नम्रताला हे पटलेलं नाय, ती तवापासून भांडते हाय. आता तुमी काय ते ठरवा. नाय म्हनालात तरी जेवून जाऊ."

काळुरामने ताटाकडे बघत मान खाली घातली. मग वर केली, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच पुंडलिकच्या डोळ्यांना डोळा दिला. "आनि गणितात लय पक्का हाय तो," तो हळूच म्हणाला.

पुंडलिक सरूकडे बघत होता. सरू वाढायची थांबली होती. भाकऱ्यांची परडी तशीच हातात. मग तिने ती खाली ठेवली आणि काही न बोलता मोरीकडे गेली. नळ सुटल्याचा आवाज आला.

"जने, काय करून बसलीस," हिरामण दातांत पुटपुटला.

सरू परत आली तेव्हा तिच्या एका हातात पाट होता आणि दुसऱ्यात ती चुंबळ. तिने पाचवा पाट जनीच्या शेजारी मांडला. मोरीच्या उंबऱ्याशी वाकून ती चुंबळ पिळायला लागली. पिळतच राहिली, पिळतच राहिली.

"एवढी नको पिळू गो," जनी म्हणाली. "थोडी ओल राहू दे."

सरूचे हात थांबले. तिने मान वर करून जनीकडे पाहिलं, बराच वेळ. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"पत्रात पन असंच लिवलंवतं," ती म्हणाली.

मग तिने चुंबळ पाटापुढे ठेवली, तिच्यावर वाटी बसवली, वाटीत भात वाढला. बोटाने वाटी ढकलून पाहिली. आणि मागच्या दाराने कुंपणापर्यंत जाऊन, सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तिने हाक मारली, "आमच्या दिशाला आना गो घरी! पाव्हने जेवायचे थांबलेत."