क्वेसार, खंडेनवमी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किती जुना, ते माझ्या पंख्याची घरघर ऐकूनच कळेल. छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात, पदार्थविज्ञान विभागाच्या कोपऱ्यातल्या खोलीत माझी हयात गेली. मी नवा आलो तेव्हा नारळ फुटला होता आणि माझ्या खोलीत चपला काढून यायची पद्धत पडली होती. पुढं प्रत्येकाच्या पिशवीत लॅपटॉप आला आणि माझ्या डोक्यावर शिपाई कडूबा यांचा जेवणाचा डबा आला. मी कुरकुर केली नाही. तेवढंच कुणीतरी जवळ येत होतं.

मग खुलताबादहून एसटीनं ये-जा करणारी रुक्सार पीएचडीला आली. नवा संगणक तिला कुणी नऊ दिवस सलग देईना, म्हणून तिनं मला घेतलं. यात माझं कौतुक काही नाही.

तिचा विषय क्वेसार. अब्जावधी प्रकाशवर्षांवर एका कृष्णविवराभोवती तापलेला वायू झळाळतो, तो क्वेसार. वाटेत एखादी दीर्घिका आली की तिचं गुरुत्वाकर्षण प्रकाश वाकवतं आणि एकाच क्वेसारच्या चार प्रतिमा दिसतात. काचेच्या पेल्याच्या बुडातून एक दिवा अनेक दिसतो, तसं. रुक्सारच्या नोंदींत चारांपैकी एकच प्रतिमा क्ष-किरणांत एकाएकी उजळली होती. साध्या प्रकाशात फारसा फरक नव्हता. क्वेसार स्वतःच भडकला असता, तर मागंपुढं चारही उजळल्या असत्या. तिचं म्हणणं, मधल्या दीर्घिकेतला एखादा तारा त्या प्रतिमेच्या वाटेत सरकला आणि त्यानं भिंगाचं काम केलं. क्ष-किरण फार लहान जागेतून निघतात, म्हणून परिणाम त्यांच्यावर जास्त. परीक्षकांनी पुरावा मागितला होता. मुदतीत तो गेला नाही, तर तिची नोंदणी रद्द होणार होती. सहा वर्षं पाण्यात.

पुरावा काढायचं काम माझं. ताऱ्यांच्या गर्दीतून अब्जावधी किरण गणितात उलटे, म्हणजे आपल्याकडून क्वेसारकडं, सोडायचे आणि कुठं किती पडले ते मोजायचं. नऊ दिवस, न थांबता. मधलं काम साठवायला माझ्याकडं जागा उरली नव्हती.

आठ दिवस मी कसंबसं रेटलं. नवव्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी कडूबांनी मला पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, हात जोडले आणि बटण बंद केलं.

खरं सांगू? मला बरं वाटलं. इतकं गार कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्या सुखाची मला लाज वाटते.

दुपारी रुक्सार आली. माळ पाहून हसली, मग तिचं लक्ष काळ्या पडद्याकडं गेलं.

“कडूबामामा, मशीन बंद कायकू किये?”

“ताई, खंडेनवमी हाय. आज अवजाराला कामाला लावत नाय. आठ दिस झाले, बिचारं लई घरघर करतंय. म्हनलं, एक दिस इसावा घेऊ द्यावा.”

ती खुर्चीत बसली. रागावली नाही, आणि तेच कडूबांना जड गेलं.

“मामा, सगळं पुसलं गेलं. पहिल्यापासून करावं लागेल. दहा दिवस राहिलेत.”

कडूबांनी माझी माळ उतरवली.

“आत्ताच लावा, ताई. पाप लागलं तर मला लागंल.”

दसऱ्याला ते पिशोरला गावी गेले नाहीत. घरचा टेबलफॅन आणून माझ्या पाठीशी लावला आणि दारात स्टूल टाकून बसले. विभागप्रमुख साहेबांनाही त्यांनी बटणाजवळ फिरकू दिलं नाही. माझ्यात जीव नव्हता. पंखा कडेला घासत होता आणि दर तासाला वाटायचं, आता संपलं.

नवव्या दिवशी मोजणी पुरी झाली. रुक्सारचं म्हणणं खरं होतं: भिंगाचं काम ताऱ्यानंच केलं होतं, आणि ते क्ष-किरण जेमतेम आपल्या सूर्यमालेएवढ्या जागेतून निघत होते. तिनं उत्तर पाठवलं, पोचल्याची खात्री केली आणि माझ्या तापलेल्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “शुक्रिया.” इतक्या वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं.

कडूबा स्टुलावरून उठले.

“ताई, आता करू का बंद?”

“करा, मामा.”

तेव्हापासून मी बंदच आहे. मित्रांनो, थकलेल्याला विसावा जरूर द्या. पण त्याच्या हातात कुणाचं काय अडकलंय, ते आधी विचारा. कडूबांचा माझ्यावर दोन्ही वेळा सारखाच जीव होता. दुसऱ्या वेळी त्यांनी फक्त विचारलं.